अळणीची दुसरी वाटी

नागुबाईच्या पंचांगात मटणाला दिवसच उरला नव्हता.

सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. एवढं तर पिरनवाडीत बहुतेक घरांतून पाळतात. मंगळवार आणि शुक्रवार तिनं यल्लम्माच्या नावानं बाजूला काढले. बुधवारी एकदा संकष्टी आडवी आली, मग एकादशी, आणि जेव्हा काहीच आडवं आलं नाही तेव्हा तिचा गुडघा आला. राहता राहिला रविवार. तर एका रविवारी अमावस्या निघाली, एका रविवारी भावकीत वास्तुशांत निघाली.

शेजारची जयाबाई कुंपणावरून म्हणाली, "नागुआक्का, तुझ्या पंचांगात बोकडाला मरायला वारच न्हाय. सांग त्याला, शंभर वर्षं जगशील म्हणून."

नागुबाई हसली नाही. म्हशीपुढं वैरण टाकत राहिली.

निपाणीहून परशरामचा दर आठवड्याला फोन येई. परशराम म्हणजे सुनेचा, नीलमचा, थोरला भाऊ. माणूस सरळ. तो विचारायचा, "मग मामी, या रविवारी येऊ न्हवं?" आणि नागुबाई त्या आठवड्याचा देव पुढं करायची. फोन ठेवला की ती थोडा वेळ तिथंच उभी राही. आणखी एक आठवडा मिळाला, एवढंच तिच्या मनात येई.

वैशाखात तिचा मुलगा रविराज गेला होता. सकाळी कारखान्याला निघताना बुटाची नाडी बांधायला पायरीवर बसला आणि बसल्या जागी भिंतीला टेकला. आतून नीलमनं हाक मारली, "डबा ऱ्हायला बघा." पुन्हा मारली. मग ती डबा घेऊन बाहेर आली. चाळिशीही पूर्ण झाली नव्हती त्याची.

दिवस झाले, तेरावा झाला, पाहुणे गेले. राहिला होता फक्त दुखवटा काढायचा. या भागातली रीत अशी, की ज्या घरात माणूस गेलं तिथं चुलीवर तिखट चढत नाही, मटणमासळी शिजत नाही. मग एक दिवस बाईच्या माहेरची माणसं येतात. मटण ती आणतात, शिजतं ते या घरच्या चुलीवर. भाऊ बहिणीला पहिला घास भरवतो. तो घास खाल्ला की दुखवटा निघाला. घर पुन्हा चारचौघांसारखं झालं आणि बाई उंबरा ओलांडायला मोकळी झाली.

नीलम उंबरा ओलांडून निपाणीला जाणार होती, आणि सणापुरती नाही. परशरामनं तिच्यासाठी तिथल्या एका पतसंस्थेत काम बघून ठेवलं होतं, आणि ईश्वरीला, म्हणजे नागुबाईच्या एकुलत्या एका नातीला, तिसरीत घ्यायला शाळा तयार होती. रविराज जिथं गेला ती पायरी ओलांडल्याशिवाय नीलमला घरात येता येत नव्हतं आणि बाहेर जाता येत नव्हतं. हल्ली ती मागच्या दारानं गोठ्यातून जायची. नागुबाईला ते दिसत होतं. म्हणून 'जाऊ नको' हे दोन शब्द तिनं कधी तोंडाबाहेर काढले नाहीत. फक्त वार पुढं ढकलत राहिली.

"तुम्ही बी चला की आत्ती," नीलमनं एकदा नाही, चारदा म्हटलं होतं. ती सासूला आत्तीच म्हणायची.

"म्हस कुणाच्या दारात बांधू? आणि सुनेच्या म्हायेरात जाऊन मी बसू व्हय पाय पसरून?" नागुबाई म्हणायची, आणि विषय तिथंच मिटायचा.

आता श्रावण तोंडावर आला होता. श्रावण लागला की मटण बंद, त्याच्या पाठोपाठ गणपती, पुढं पितृपंधरवडा, पुढं नवरात्र. परशरामलाही हे कळत होतं. या खेपेला त्यानं विचारलंच नाही. "मामी, रविवारी येतोय," एवढंच म्हणाला.

नागुबाईनं भिंतीवरच्या कालनिर्णयाकडं बघितलं. त्या रविवारच्या चौकटीत काहीच नव्हतं. ना अमावस्या, ना एकादशी.

"या," ती म्हणाली.

*

रविवारी परशराम सकाळी लवकरच आला, पिशवीत मटण घेऊन. मांडीचं, नळीचं, चरबी बेताची. त्यानं पिशवी नागुबाईच्या हातात दिली आणि बाहेरच्या खोलीत जाऊन खुर्चीच्या कडेवर बसला. नीलम आत कपडे भरत होती. कपाटाचं दार सारखं करकरत होतं.

नागुबाईनं मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चूल पेटवली. घरात गॅस होता, पण पुलाव ती गॅसवर करत नसे. लग्न करून जांबोटीच्या रानातून या घरात आली तेव्हा तिच्याबरोबर एक तांब्याचं पातेलं आणि पुलावाची रीत एवढंच आलं होतं. नवऱ्याला तो आवडायचा. रवीला तर पुलाव म्हणजे सण. तिच्या पातेल्याची कीर्ती अशी, की भावकीतल्या कुणाच्या घरी पाहुणा आला तरी पातेल्याबरोबर तिलाही बोलावणं यायचं.

ईश्वरी पाट घेऊन शेजारी येऊन बसली. केसांना तेल, दोन वेण्या, अंगात नवा फ्रॉक. निपाणीला जायचा फ्रॉक.

"आजी, मला शिकव."

"एवढ्यात? तू केवढी, पातेलं केवढं."

"तिथं कोण शिकवणार मग?"

नागुबाईच्या हातात फुंकणी होती. तिनं जाळ नीट होईपर्यंत फुंकर घातली, मग म्हणाली, "बस. पर हात लावू नको. आधी डोळ्यांनी शीक, मग नाकानं, हाताची पाळी शेवटाला."

तिनं पातेल्यात चमचाभर तेल घातलं, कांदा टाकला, आलं-लसणाचं वाटण टाकलं. मटणाला हळद-मीठ चोळून ते वर घातलं. मग पातेल्यावर खोलगट ताट झाकलं आणि ताटात पाणी ओतलं.

"पाणी आत का न्हाई घातलंस?"

"आत गार पाणी घातलं की मटण रुसतंय. ताटातलं तापंल, मग तेच आत सोडायचं. गरमाला गरम. माणसाचं बी तसंच. उन्हातनं आलेल्याला बर्फाचं पाणी देतो काय आपण?"

ईश्वरीनं मान हलवली. "मम्मी देते."

"तुझी मम्मी निपाणीची."

हे बोलून गेल्यावर नागुबाईला स्वतःचाच राग आला. पण पोरगी हसली, तेव्हा तिनंही तोंड वळवून थोडं हसून घेतलं.

ताटातलं पाणी तापलं, आत गेलं. पुन्हा ताटात गार पाणी. असं करत मटण शिजत गेलं. नागुबाईनं तांदूळ निवडायला घेतले. बेळगावकडचा बारीक बासमती, जांबोटीच्या ओळखीच्या घरातून आणलेला. ती एरवी तांदूळ भराभर निवडायची. आज एकेक दाणा बघत होती. जाळही तिनं मुद्दाम बारीक ठेवला होता. पुलाव जितका उशिरा होईल तितकी दुपार लांबणार होती. आतून परशरामनं एकदा डोकावून विचारलं, "मामी, काय आणून देऊ?" आणि तिनं "काय नको बाबा, हुतंय," म्हटलं तेव्हा त्याला कळलं की नाही कोण जाणे. तो परत जाऊन बसला.

"आता नाकानं बघ," तिनं ईश्वरीला जवळ ओढलं. ताट थोडं उचललं. वाफ आली. "काय वास येतोय?"

"मटणाचा."

"ते झालंच. अजून?"

पोरीनं डोळे मिटले. "लसणाचा येत न्हाई आता."

"शाब्बास. लसणाचा कच्चा वास गेला की समजायचं, निम्मं काम झालं. आता नळीवरचं मास सुटतंय का बघायचं. सुटलं. आता?"

"आता अळणी," ईश्वरी लगेच म्हणाली.

हे तिला शिकवावं लागलं नाही. नावाला अळणी, पण मीठ असतं त्यात. नसतं ते तिखट. मसाला पडायच्या आधी पातेल्यातला तो पिवळसर, वर चरबीचे डोळे तरंगणारा रस्सा लहान पोरांसाठी बाजूला काढायचा, ही घराघरातली पद्धत. पोरं तो वाटीनं पितात आणि मोठी झाली की तिखटावर जातात. रविराज मात्र मोठा झाला तरी तिखटावर गेला नाही. मिरची लागली की त्याला उचकी लागायची, डोळे लाल व्हायचे. कारखान्यात हाताखाली माणसं आली, लेक झाली, तरी घरात मटण शिजलं की तो वाटी घेऊन चुलीपाशी यायचा. निपाणीत सासरी तर त्याचं नावच पडलं होतं, अळणी पाव्हणं. हे नाव परशरामनं ठेवलेलं. "अळणी पाव्हणं आलं, मिरच्या लपवा," असं तो दारातून ओरडायचा, आणि रवी हसत चपला काढायचा. ईश्वरी दात आल्यापासून बापाच्या जोडीला बसायची. दोघांच्या दोन वाट्या, एक मोठी, एक लहान.

नागुबाईनं पळी घेतली. लहान वाटी भरली. मग मोठी वाटी भरली. दोन्ही ताटलीत ठेवल्या, मोठीवर दुसरी ताटली झाकली, गार होऊ नये म्हणून.

ईश्वरी बघत होती.

"आजी," ती हळूच म्हणाली, "दोन?"

नागुबाईची पळी पातेल्याच्या काठावर थांबली. पत्र्यावर पावसाची भुरभुर चालली होती. म्हैस रवंथ करत होती. तिनं ताटलीकडं बघितलं, आणि हातानं काय केलं ते तिला आत्ता कुठं दिसलं.

"परत ओत ना आत," ईश्वरी म्हणाली.

"काढलेली परत ओतत न्हाईत," नागुबाई म्हणाली. तसा काही नियम नव्हता. तिनं तो तिथल्या तिथं केला.

मग ती मसाल्याकडं वळली. सुकं खोबरं, तीळ, खसखस भाजून वाटलेली. त्यात कांदा-लसूण चटणी. ते पातेल्यात परतलं तशी शेड लाल वासानं भरून गेली आणि ईश्वरी खोकली. दुसऱ्या भांड्यात तुपावर तमालपत्र, लवंग, वेलदोडे, दालचिनी टाकून तांदूळ परतला. मग तो मटणावर घातला. नागुबाईनं पोरीचं बोट धरून भाताच्या वर दाखवलं.

"तांदळाच्या वर रस्सा बोटाचं एक पेर. लांबनं बघ, भाजशील. माझं बोट न्हाय, तुझं बी न्हाय. जी रांधती तिचं बोट."

"मग मी मोठी झाल्यावर माझं?"

"तुझं."

वर झाकण, झाकणाच्या कडेला कणीक, झाकणावर चुलीतले निखारे. आता काही करायचं उरलं नाही. आता नुसतं बसायचं, आणि नागुबाईला तेवढंच जमेना. ती उठली, म्हशीला पाणी दाखवलं, परत आली, परत उठली.

"तुझी वाटी पी, गार हुईल," ती ईश्वरीला म्हणाली.

पोरीनं मान हलवली. "मी आता तिखट खाणार. तिथं सगळी तिखट खातात. आधीपासनं सवय करायला पाहिजे."

"मामा म्हणाला?"

"न्हाई. मीच."

नागुबाईनं वाटी पुढं सरकवली नाही की मागं घेतली नाही.

*

बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरली. जयाबाई वाढायला आली होती. घरच्यांनी वाढायचं नसतं. तिनं झाकणाची कणीक फोडली आणि वाफ वर आली तशी तिची नेहमी चालणारी जीभ थांबली. "नागुआक्का," एवढंच म्हणाली. भात मोकळा, दाणा न् दाणा वेगळा, मटणाचा रंग भातात उतरलेला.

नीलम दाराकडं पाठ करून बसली. तिच्यासमोर परशराम बसला. पुलावाचं ताट, लिंबाची फोड, कांदा. जयाबाईनं शेडमधून ताटली उचलून आणली आणि तिच्यावरच्या दोन्ही वाट्या, सवयीनंच, सतरंजीच्या कडेला ठेवल्या. मोठ्या वाटीवरची ताटली काढली.

परशरामनं घास उचलला होता. वाटी दिसताच त्याचा हात खाली आला. तो दारातून ओरडणारा माणूस, आता मान खाली घालून नुसता भाताकडं बघत राहिला. बऱ्याच वेळानं त्यानं बाहीनं नाक पुसलं आणि घास परत उचलला.

"घे बाई," तो म्हणाला.

नीलमनं तोंड उघडलं नाही.

"घे गं नीलम. उशीर नको. वाटेत पाऊस हाय."

"आणि आत्तींचा?" नीलम म्हणाली.

"काय आत्तींचा?"

"दुखवटा. त्येंचा कोण काढणार? माझा नवरा गेला तसा त्येंचा लेक गेलाय न्हवं."

बाईचा दुखवटा माहेरानं काढायचा, आणि नागुबाईच्या माहेरात कोण उरलं होतं? तिचा भाऊ भरमा दोन पावसाळ्यांमागं जांबोटीत वारला. त्याची पोरं गोव्याला कामाला. त्यांनी वैशाखात फोन केला होता, येतो म्हणाली होती. इतके दिवस सगळे नीलमच्या दुखवट्याचा वार शोधत होते. नागुबाईचाही काढायचा आहे हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. खुद्द नागुबाईच्याही नाही.

"माझं ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "म्हाताऱ्या माणसाचा दुखवटा कसला काढतीस. तू खा."

"तुमचा निघाल्याशिवाय मी न्हाय खाणार."

"येडी हायस काय. त्या पोरांची वाट बघत बसलीस तर दिवाळी हुईल."

"होऊ दे."

नीलमच्या आवाजात रुसवा नव्हता. ती खरंच ताटावरून हात काढून बसली. परशरामनं घास परत ताटात ठेवला आणि घड्याळाकडं न बघता भिंतीकडं बघू लागला. जयाबाई पळी धरून उभीच.

आणि नागुबाईच्या लक्षात आलं. इतके दिवस ती ज्याच्यासाठी एकेक देव उभा करत होती, ते आज न मागता तिच्या पुढ्यात आलं होतं. काही करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. जांबोटीचं कुणी नाही, म्हणजे दुखवटा निघत नाही. दुखवटा निघत नाही, म्हणजे सून उंबरा ओलांडत नाही. श्रावण जाईल, गणपती जातील. पोरगी इथल्याच शाळेत जाईल. संध्याकाळी गोठ्यात येऊन म्हशीशी बोलेल. रीतीनंच सगळं होईल, कुणाला बोट दाखवायला जागा नाही.

ती गप्प बसली.

समोर दार उघडं होतं. दाराबाहेर ती पायरी, पावसानं भिजलेली. नीलम दाराकडं पाठ करून बसली होती ती उगाच नव्हे. तशी बसली की पायरी दिसत नाही. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. हातातलं घड्याळ मनगटावरून खाली घसरत होतं.

नागुबाईनं वर बघितलं.

"ईश्वरी," ती म्हणाली, "हात धुतलेस?"

"व्हय."

"हिकडं ये. मला घास भरव."

जयाबाई म्हणाली, "आक्का, नातीनं कसं? म्हायेरचं माणूस पायजे."

"माझी रीत मी कुणाला दिली? जांबोटीहून आणलेली रीत आज सकाळी हिला दिली. मग हीच माझं म्हायेर. भरव गं."

ईश्वरी गुडघ्यांवर सरकत आली. तिनं ताटातून भाताचा घास केला, त्यात मटणाचा तुकडा धरला, सगळा मसाला बोटांना लागलेला. लहान हात, घास मोठा. नागुबाईनं तोंड उघडलं.

पुलाव जमला होता. मीठ जागच्या जागी, मटण जिभेवर विरघळणारं, तांदळाचा वास शेवटी येणारा. तिला वाटलं होतं, आज तो करपेल, नाहीतर मीठ चुकेल. रवी गेल्यावर हाताची चव जाईल अशी तिची खात्री होती. चव गेली नव्हती. घास गिळताना तिला तेच सोसलं नाही. तिनं पदर तोंडाला लावला.

"तिखट झालाय?" ईश्वरीनं विचारलं.

"व्हय," नागुबाई म्हणाली.

मग परशरामनं घास उचलला आणि नीलमनं तो खाल्ला. वैशाखापासून ती रडली नव्हती. शेजारच्या बायका त्यावरून कुजबुजायच्या. आता ती चावता चावता रडू लागली, आवाज न करता, आणि खात राहिली. ईश्वरीनंही तिखट भाताचे तीन-चार घास हट्टानं खाल्ले. तिचं नाक गळू लागलं, डोळे भरले, उचकी लागली. थेट बापाची उचकी. पण पाणी मागितलं नाही. मग कुणी बघत नाही असं बघून तिनं लहान वाटी ओढली आणि एका दमात अळणी पिऊन टाकली.

मोठ्या वाटीला कुणी हात लावला नाही.

*

गाडी निघाली तेव्हा उजेड होता. नीलम पुढच्या दारानं बाहेर आली. पायरीपाशी थांबली, वाकून पायरीला हात लावला, तो हात कपाळाला लावला आणि ओलांडली. नागुबाईनं डब्यात पुलाव भरून दिला, वर सांगितलं, "गरम करताना थोडं पाणी शिंपडा. गरम पाणी." ईश्वरी खिडकीतून म्हणाली, "मला म्हाईत हाय आजी," आणि आपल्या बोटाचं पेर दाखवलं.

नागुबाई आत आली. सतरंजी झटकून घडी केली. खरकटी भांडी शेडमध्ये नेली. म्हशीची धार काढली. दूध रोजच्याएवढंच निघालं.

मोठी वाटी तिथंच होती. वर चरबीची पांढरी साय धरली होती. तिनं वाटी उचलली, म्हशीच्या टोपल्यापाशी गेली, तिथून मोरीपाशी गेली, आणि ओतायला हात वाकवून तशीच उभी राहिली. जयाबाईनं कुंपणावरून बघितलं आणि घरात गेली.

चुलीत राखेखाली थोडे निखारे होते. नागुबाईनं राख बाजूला केली, फुंकणी घेतली, फुंकर घातली. रस्सा लहानशा डेचकीत ओतून तिनं ती निखाऱ्यांवर ठेवली आणि पाट ओढून शेजारी बसली. गार अळणी रवी कधी पीत नव्हता.